मांजरीचा कौल

मांजर आजारी पडू शकते, हेच मुळात आमच्या नातेवाइकांना मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी मांजर एक तर असते नाहीतर मरते. मधली डॉक्टर, सलाईन, ऑपरेशन ही भानगड म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. आणि डोकं फिरलेलं घर म्हणजे मुंबईजवळच्या पूनम सागर वसाहतीतलं आमचं. विधवा आई, लग्नाचं वय उलटून गेलेली मी आणि म्हातारी मांजर. बाबांनी हौसेने आणलेलं पिल्लू ते. बाबा गेले, ती राहिली. रोज आईच्या पायांवर झोपायची. आईचा तिच्यावर जीव होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आईलाही वाटत नव्हती. लाज वाटायची ती बाकीच्यांना.

त्या वर्षी थंडीत मांजरीने खाणं सोडलं. मुर्धा गावाहून येणारी कोळीण तिच्यासाठी मुद्दाम मांदेली राखून आणायची, त्या मासळीकडेही तिने तोंड फिरवलं. नुसती वाडग्यातलं पाणी पीत बसायची आणि पोट फुगत चाललेलं. केबिन रोडजवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरने सोनोग्राफी करून सरळ सांगितलं. गर्भाशयात पू झालाय. काढलं नाही तर ती जाणार. काढायचं तर भूल द्यावी लागेल, आणि या वयात भूल झेपेलच असं नाही, टेबलावरसुद्धा जाऊ शकते. "सोमवारी सकाळी उपाशी आणा," तो म्हणाला, "नाहीतर आणू नका. पण ठरवा."

आता ठरवायचं म्हणजे आमच्याकडे काय करतात, तर गावी फोन करतात. रत्नागिरीकडचे आम्ही. ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय आमच्यात कोणी नवी चप्पलसुद्धा घेणार नाही. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि मग सगळ्यांनी डोळे ताणून बसायचं. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. हा फ्लॅटसुद्धा आम्ही उजवी पडली म्हणून घेतला. इथे पाणी एक दिवसाआड येतं, ते काही त्या पाकळीने सांगितलं नव्हतं.

गावच्या घरात बाबांचा धाकटा भाऊ राहतो, आमचा काका. त्याने नुकताच मोबाइल घेतला होता आणि रेंज मिळावी म्हणून तो मागच्या दगडावर चढून बोलायचा, भाषण दिल्यासारखं. आईने त्याला स्वच्छ सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. "भाऊजी, मांजरीचं ऑपरेशन करायचं की नाही, तेवढा कौल लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकाचा फोन आला. "वहिनी, डावा दिला. एकदम ठाम. करू नका."

आईने रिसीव्हर ठेवला आणि मांजरीजवळ जमिनीवर बसली. "नाही म्हणतोय," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आई, ओली पाकळी आहे ती, जिकडे घसरेल तिकडे घसरेल, तिला काय सोनोग्राफी कळते? तर म्हणे, डॉक्टरला फोन करून नाही सांग. मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त कामाचा, म्हणून मी तोच धरून बसले, डॉक्टरला फोन काही केला नाही.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात विरारची आत्या आणि तिचा नवरा, हातात मोसंबी आणि शहाळी. मला तिथेच संशय यायला हवा होता. या बाईने आमच्याकडे कधी बिस्किटचा पुडासुद्धा आणलेला नाही. दार आईनेच उघडलं, तर आत्या तिच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. "वहिनी, तू उभी कशाला राहिलीस? जा, पड जरा. काल गावाहून कळलं, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. पोटाचं ऑपरेशन म्हणे, आणि त्यात देवाने डावा दिला." तिचा नवरा तोवर आमच्या हॉलमध्ये एक फेरी मारून आला होता. मला म्हणाला, "कार्पेट एरिया किती भरतो गं या फ्लॅटचा?" आई अजून दारातच उभी होती हो, जिवंत.

मी काकाला फोन लावला. आधी तो रेंज नसल्यासारखं करत राहिला. मग म्हणाला, "अगं, मांजरीचं कसं विचारणार? देवळात चार माणसं होती. गुरव काय म्हणेल? म्हणून मी आपलं सांगितलं, मुंबईच्या घरातली म्हातारी आहे, तिच्या पोटाचं आहे. देव घेतो समजून."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "भाऊजी, गाऱ्हाण्यात नाव कोणाचं घातलंत?"

"नाव तर लागतंच ना, वहिनी. तुमचं घातलं."

धन्य ते लोक. देवाला सगळं दिसतं म्हणून त्याच्या दारात जायचं आणि गुरव हसेल म्हणून त्याच देवाला थाप मारायची. मरायला टेकलेली म्हणून धडधाकट वहिनीचं नाव ठोकून द्यायला यांना लाज नाही वाटली, मांजर म्हणायला वाटली. आत्याला खरं कळलं तसे तिचे हुंदके नळ बंद केल्यासारखे थांबले. "मांजरीसाठी देवाला त्रास? आणि आम्ही धावत आलो ते?" असं म्हणून ती फणकाऱ्याने निघाली. मोसंबी परत पिशवीत भरायला विसरली नाही.

दार लागल्यावर आई परत मांजरीजवळ जाऊन बसली. मग म्हणाली, "म्हणजे हिचं देवाला कोणी विचारलंच नाही."

"नाही."

"मग उद्या नेऊ या."

सोमवारी नेली. भुलीचं इंजेक्शन देईपर्यंत आईने तिच्या डोक्यावरचा हात काढला नाही. नंतर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. शेवटी डॉक्टर बाहेर आला, मास्क खाली ओढला आणि म्हणाला, "आहे. पहिली रात्र नीट लक्ष ठेवा." मी तिथेच त्याच्यासमोर रडले.

संध्याकाळी रिक्षाने परत येताना मला जोर चढला होता. टोपली आईच्या मांडीवर, आत टॉवेलमध्ये गुंडाळलेली मांजर, पोटावर ही मोठी पट्टी. मी म्हटलं, "बघ, चुकला ना तुझा देव?"

"चुकला कुठे? त्याने हिचं कुठे काय सांगितलं? माझं सांगितलं." आईने टॉवेल सारखा केला. "माझ्यावर कधी वेळ आली तर मला कापायला नेऊ नकोस."

मी हसले. "काहीतरीच काय. तुला काय झालंय?"

"काही नाही झालं. पण काल दिवा लावताना मी त्याला कबूल केलंय. तो डावा माझ्याकडेच राहू दे म्हटलं, हिला सोड."

ती गंमत करत नव्हती. तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आदळली, आणि आईने टोपली दोन्ही हातांनी उचलून धरली.

"भैया, धीरे चलाओ," ती म्हणाली, "टांके हैं."