माझा पहिला ई-मेल

सांगलीत मला वेड लागलंय, ही बातमी माझ्याआधी आमच्या सगळ्या कोरेगावाला कळली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारावी झाल्यावर मी सांगलीला कॉम्प्युटरच्या क्लासला आलो. खोली मिळाली ती हळदीच्या वखारीवर. अंगाला रोज हळद लागायची, पण बोलायला माणूस नाही! संध्याकाळी मी भिंतीवरच्या पालीला दिवसभराचं सांगायचो. एके दिवशी तीही निघून गेली.

तेवढ्यात सरांनी ई-मेल शिकवला. ओळखीत कॉम्प्युटर एकाच्याच टेबलावर होता, साताऱ्याच्या मामाच्या. तो तिथं एका कचेरीत कारकून. मी मराठीत पानभर लिहिलं : ‘इथं करमत नाही. कुणीतरी येऊन जा.’ बटण दाबलं आणि मोकळा झालो.

पण माझा मराठी फाँट मामाच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हता! तिकडे उमटलं ते असं : स्वल्पविराम, टक्का, उलटा कंस, तीन उद्गारचिन्हं, आणि खाली इंग्रजीत माझं नाव. मामानं ते कागदावर छापलं आणि तडक कोरेगाव गाठलं.

“आक्का, दाजी, पोराच्या डोक्यात काहीतरी झालंय.”

शेजारच्या काकू म्हणाल्या, “करणी हाय ही!”

माझे वडील शिंपी, पक्के बुद्धिवादी. “आमच्या घरात असलं कुणी मानत न्हाई,” ते कडाडले. मग हळूच म्हणाले, “पैली येष्टी कवा हाय?”

दुसऱ्या दिवशी भर क्लासमध्ये दार उघडलं. आई, वडील, मामा! आईनं सगळ्या पोरापोरींसमोर माझ्या कपाळाला हात लावला.

“नाव सांग तुजं.”

“आई, तू मला वळखत न्हाईस?”

“मी वळखती रं! तू सोताला वळखतोस का, ते बगतीया!”

सगळा क्लास खदखदून हसला. सरांनी फाँटची भानगड समजावली. मामानं कागद गुपचूप खिशात घातला.

“आरं, मग लिव्हलं काय हुतंस?” वडिलांनी विचारलं.

क्लासनं कान टवकारले. पोरींनी तर जास्तच!

“मी... मजेत हाय, असं.”

“पानभर?”

मग कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही आईनं आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चौघं एकदम बोलत होतो, कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. किती दिवसांनी असा गोंगाट कानावर पडत होता! स्टँडवर आईनं खिडकीतून विचारलं, “मजेत हाईस न्हवं?”

“व्हय.”

तिनं उरलेल्या भाकऱ्या तेवढ्या माझ्या हातात दिल्या. एस.टी. गेली, तरी मी फलाटावर उभाच. कंडक्टर लोकांनी दोनदा विचारलं, “कुठं जायचंय?”

आता फाँटच्या नादाला लागायचं नाही, असं ठरवून दुसऱ्या दिवशी मी मामाला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं : ‘काळजी करू नका. मी आता बरा आहे.’ (इंग्रजीत लिहिलं की ‘बरा’ आणि ‘बारा’ एकच दिसतं, हे सरांनी शिकवलंच नव्हतं!)

मामाचं उत्तर आलं : ‘तू आता बारा? आक्का विचारते, बाकीचे अकरा कोण, आणि भाकऱ्या किती पाठवू?’

काय कळवणार? अकरा सोडा, खोलीत पालसुद्धा नव्हती!