एक ओळ राहिली

बाबांशी माझं शेवटचं नीट बोलणं म्हणजे खरं तर भांडणच होतं. ते जर्मनीत माझ्याकडे राहत होते; इथल्या कार्ल्सरूहेच्या हॉस्पिटलात मी त्यांच्यापुढे चार पानी जर्मन फॉर्म धरला. शुद्ध हरपली तर कुठले उपचार करायचे, कुठले नाहीत, ते आधीच लिहून देण्याचा.

"बाबा, खाली सही करा. बाकी मी बघते."

"वाचून दाखव."

"अहो, इथे सगळे असंच करतात!"

"करू देत."

मी कपाळाला हात लावला.

बाबा सिरोंच्याकडचे, राज्याच्या पार सीमेवरच्या मुलखातले. आमच्या बौद्ध वस्तीतले पहिले वकील, पुढे न्यायाधीश. सायकलच्या कॅरिअरला काळा कोट बांधून नाले ओलांडत कोर्टात जायचे. वकिलीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी एका गोंड म्हातारीचा अंगठा तडजोडीच्या कागदावर घेतला. कागद मराठीत, तिला येत होती फक्त गोंडी. 'तुझ्या भल्याचंच आहे,' एवढंच दुसऱ्याकरवी तिला सांगितलं. पेरणीच्या दिवसांत ती पदरात बियाणं घेऊन दारात उभी... वकीलसाहेब, माझं अर्धं वावर कुठं गेलं? ते परत मिळालं नाही. बाबा गोंडी शिकले. न्यायाधीश झाल्यावरही, साक्षीदाराने जबाब स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय त्यांनी अंगठा घेऊ दिला नाही. वकील मंडळी वैतागायची. घरीही तेच! प्रगतिपुस्तकावर सही हवी तर सगळे मार्क मोठ्याने वाचायचे. गणितात नापास झाले तेव्हा काय जीव गेला होता माझा.

तर मी वाचू लागले, ओळीओळीचं मराठी करत. तिसऱ्या पानावर श्वासाच्या यंत्राची गोष्ट आली आणि मी गुपचूप पुढे सरकले.

"एक ओळ राहिली," बाबा म्हणाले.

जर्मनचं एक अक्षर न येणारा माणूस! जन्म साक्षीदारांचे आवाज ऐकण्यात गेलेला. मी वाचली. बरं होण्याची आशा नसेल तर यंत्र नको. तिथे त्यांनी खूण करायला लावली.

"आता तू सांग, काय समजलीस?"

मी रडत, चिडत सांगितलं. "बरोबर," म्हणाले, आणि सही केली.

नऊ दिवसांनी बाबांची शुद्ध हरपली आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यंत्र लावायचं का? मी बाबांचं उत्तर सांगितलं... न वाचता सही घेतली असती तर ते उत्तर जन्मभर माझं एकटीचं राहिलं असतं.

परवा अस्थी गावी नेण्याच्या परवानगीचा फॉर्म मिळाला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, फक्त खाली सही करा. मी तो घरी आणला. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीवर चष्मा अजून तसाच आहे. समोर बसून मोठ्याने मराठीत वाचत गेले. 'मृत व्यक्तीचे नाव' आलं. गाळावंसं वाटलं... वाचलं. मग सही केली.