सखुबाईंचा थांबवलेला आहेर

रचना ओव्हाळ नेमकं काय काम करतात, हे शहाडला राहणाऱ्या त्यांच्या आईला, भीमाबाईंना, अजून धड सांगता येत नाही. "म्हाताऱ्यांचं बघते," असं त्या शेजारणींना सांगतात. ठाण्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी रचना एकट्या राहणाऱ्या वृद्धांची औषधं, डॉक्टर, कामाची बाई आणि घरखर्च सांभाळतात. आधी त्या पतपेढीत होत्या. नातेवाइकांनी म्हाताऱ्या खातेदारांना कसं लुबाडलं ते त्यांनी तिथे पाहिलं, आणि तो संशय अंगात मुरला.

माजिवड्याच्या सखुबाई दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आल्या. जुनं आगरी घर. शेतावर टॉवर उभे राहिले, त्यांचे पैसे बँकेत ठेवींत पडले. मुलगा नयन मस्कतला. सखुबाईंना कसला शौक नव्हता, पण लग्नसराईत हात सैल सुटायचा. गावात हळद असली की पाकीट, साडी, कधी सोन्याची अंगठी. आहेर फिरता असतो, आज दिलेला काल घेतलेल्याची फेड असते, हे रचनांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्याही घरी आहेर होतात. पण नयनला महिन्याचा खर्च कळवताना त्यांनी तो 'इतर' या सदरात टाकला.

"बंद करा ते," नयन फोनवर म्हणाला. "आईला सगळे लुटतात."

मुलाने बंदी घातली असं सांगितलं असतं तर मायलेकांत भांडण झालं असतं. ते टाळायला रचना म्हणाल्या, "आजी, आता जरा जपून हं. पैसे पुरले पाहिजेत."

सखुबाईंनी मान हलवली. वाद घातला नाही. रचनांचं काम सोपं झालं.

त्या हिवाळ्यात सखुबाईंचे गुडघे दुखू लागले. दिवसभर सोबत असणारी माया तेल चोळून द्यायची. 'बाहेर जाणं कमी, साखर आटोक्यात,' असं रचनांनी कळवलं आणि नयन खूश झाला.

शेवटी खोपटच्या डॉक्टरांना दाखवलं. वयाच्या मानाने गुडघे उत्तम आहेत, चालवा त्यांना, असं ते म्हणाले. परतताना गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू उतरत होते. सखुबाईंनी पदर पुढे ओढला आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "मागल्या गल्लीशी घे रे."

तोवर शेजारची भावना रिक्षाशी आली होती. "काय गो काकी, लपतस कला? गावात तीन हळदी झाल्या, तू एकीला नाय. माझे पोराचे हळदीला येशील, का पालखी धाडू?"

"गुडघं दुखतान गो."

"रिक्षात चढाया बरं चालतान."

घरी आल्यावर सखुबाईंनी मायाला चहाला पिटाळलं आणि हळू आवाजात बोलल्या. "हिचे सासूनी माझे नयनचे हळदीला सोन्याची अंगठी घातलेली. आथा तिचे नातवाची हळद. रिकाम्या हातानी कशी जाव? आन् पैसं संपलं, ह्या गावाला कला सांगू? तू बोललीस तवाच समजलं मना. नयनला नको सांगू. कर्ज काढंल तो."

रचना म्हणाल्या, "आजी, पैसे संपले नाहीत. तुम्हाला आयुष्यभर पुरून उरतील."

सखुबाईंनी त्यांच्या हातावर थोपटलं. "चांगली पोर हायेस. मन राखतस."

रचनांनी नयनला फोन करून सगळं सांगितलं, 'पैसे पुरले पाहिजेत' हे आपलं वाक्यसुद्धा. तो म्हणाला, "पण बंद करा असं मीच म्हणालो ना." रचनांनी ती सवलत घेतली नाही. तो म्हणाला होता आहेर बंद करा, पैसे संपले असं सांगा म्हणाला नव्हता. नयनने आईलाही फोनवर पैसे आहेत म्हणून सांगितलं. उलट मुलगा कर्ज काढणार, अशी सखुबाईंची खात्रीच पटली.

मग बँक झाली. अधिकाऱ्याने स्क्रीन वळवून ठेवींचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला. पायऱ्या उतरताना सखुबाईंनी विचारलं, "याला काय शिकवून ठेवलंस?"

रचनांनी सखुबाईंच्याच खात्यातून अंगठी घेऊन दिली. ती घेऊन त्या हळदीला गेल्या. पायी गेल्या. भावनाने त्यांना पुढची खुर्ची दिली आणि म्हणाली, "पालखी वाचली माझी." मुलाच्या पिवळ्या बोटात अंगठी सरकवताना सखुबाईंनी आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांना दिसली का ते. मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या रचना जेवायला थांबल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात बिलं तपासताना दुधाचं बिल निम्मं निघालं. मासळीचा खर्च नव्हताच. त्यांनी मायाला विचारलं.

"आजी बोलली, अंगठीचे फिटेपर्यंत असंच चालू दे," माया म्हणाली. "तुम्हाला सांगू नको बोलली. तुम्ही स्वतःच्या खिशातून घालता, असं वाटतं तिला."

रचनांनी डेअरीत फोन करून दूध पहिल्यासारखं चालू करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सखुबाईंनी जास्तीची पिशवी दारातूनच परत पाठवली.