बोलावण्याआधीच आत

श्रीरामपूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारी भारती तशी फटकळ, पण १९९९ च्या त्या आठवड्यात ती गप्प गप्पच होती. रविवारी कर्जतला तिच्या भावाच्या, मच्छिंद्रच्या, मुलीचं बारसं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे हिचाच. आणि बोलावणंच नाही!

मच्छिंद्रच्या लग्नात जावयाचा मानपान राहिला, तेव्हापासून भारतीचे यजमान, राधाकृष्ण, फुगून बसलेले. म्हणायचे, "त्यानं बोलवू दे, मग राग सोडतो." मच्छिंद्र म्हणायचा, "दाजींनी राग सोडू दे, मग बोलावतो." भारतीला भाचीसाठी रडू यायचं, पण दोघंही हटेनात.

त्यात लॅबचं लिनक्स प्रणालीवर चालणारं मशीन सुरू केलं की ठप्प. कर्नल हा मशीनचा कारभारी. तो सगळं जवळ बाळगत नाही, लागेल तसं मॉड्यूल, म्हणजे कामाचा सुटा तुकडा, आणायला एक छोटा प्रोग्रॅम धाडतो. घोळ असा, की त्या प्रोग्रॅमलाच चालू होताना एक मॉड्यूल लागे आणि नेमकं तेच बाहेर! ते आणायला कर्नल दुसरा प्रोग्रॅम धाडी, त्यालाही तेच हवं, मग तिसरा. असे एकात एक अडकत जात आणि मेमरी भरे.

भारतीनं आधी फेऱ्यांना मर्यादा घातली. मशीन बंद पडेना, पण कामही होईना. मग वैतागून तिनं ते मॉड्यूल कर्नलमध्येच कायमचं घालून टाकलं. आणायला पाठवायची भानगडच नको! शनिवारी दुपारी मशीन झकास चालू झालं. भारती हसली आणि हसता हसता थांबली. अगं बाई, हे तर आमच्याच घरचं!

रात्री तिनं पिशवी भरली. "मी सकाळच्या गाडीनं चालले. तुम्हाला यायचं तर या."

"बोलावणं आलं का?" राधाकृष्णांनी विचारलं.

"घरातल्याला कसलं बोलावणं?"

कर्जतच्या दारात मच्छिंद्र गडबडला. "तायडे, तू? दाजी काय म्हणाले?"

"ते त्यांना विचार. पाळणा कुठंय?"

आतून आई ओरडली, "आली व्हय गं! मी म्हनतच हुते, आत्याबिगर नाव न्हाई ठेवायचं!"

भारतीनं भाचीच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यात जोराचा वहिनीचा होता. भारतीचे डोळे भरून आले, पण धपाट्यानं नव्हे.

पंगत बसताना दारात राधाकृष्ण उभे होते, बोलावल्यावाचूनच, हातात झबल्याची पिशवी घेऊन. मच्छिंद्र उठला आणि त्यानं आपल्या शेजारी पाट मांडला.