सळईची भोकं

मामांना घरी बसवत नाही. सुट्टीच्या दिवशी खाटेवरून उठतात, दारापर्यंत जातात, परत येतात. "पायाला भिंगरी लागलीय नुसती," मामी म्हणतात. लढाईत घरदार सुटलेल्यांच्या छावण्यांवर ते पिठाचा ट्रक नेतात. स्टिअरिंग मात्र एकोणीस वर्षांत कुणाच्या हाती दिलं नाही.

त्या दिवशी चार वाजता नदीवरचा पूल बंद होणार होता. पलीकडे गेलेला ट्रक पलीकडेच अडकणार होता, किती दिवस ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिथल्या छावणीतलं पीठ तीन दिवसांपूर्वीच संपलं होतं.

नाक्यावर शिपायांनी हत्यारं शोधायला पोत्यापोत्यांत सळया खुपसल्या. साठ पोत्यांना भोकं. पीठ भुरभुरू लागलं. मामांनी सीटखालून दाभण आणि सुतळी काढली. हे नेहमीचंच. पण आज घड्याळात तीन वाजून गेले होते.

"तसंच निघू," पीठ वाटायला सोबत निघालेल्या बाई म्हणाल्या.

"त्या खड्ड्यांतून? तिथे काय, रिकामं बारदान वाटणार?"

"मग शिवत बसा!"

"आणि पूल?"

मामा चार पावलं गेले, परत आले. किल्ली खिशात घातली, पुन्हा काढली.

"बाई, गाडी येते?"

"भावाचा टेम्पो चालवायचे. लग्नाआधी."

"क्लच जड आहे. लाडानं दाबू नका."

मामा मागे पोत्यांवर चढले. ट्रक दचकून निघाला.

"तिसरा टाका, तिसरा!" ते ओरडले.

"तुम्ही मुकाट्यानं शिवा!"

प्रत्येक खड्ड्याला दाभण भलतीकडेच जाई. दोनदा अंगठ्यात घुसलं. भुवया पांढऱ्या झाल्या. शेवटचं पोतं शिवून झालं तेव्हा चाकांखाली पूल खडखडत होता. चाराला सात मिनिटं कमी होती.

छावणीत एका आजींनी आपल्या पोत्यावरून बोट फिरवलं. "कुणी घातलेत हे टाके? मधून म्हैस जाईल."

"मी," मामा अंगठा चोखत म्हणाले. "रस्ता वाईट होता."

"रस्त्याला कशाला नावं ठेवता?" आजींनी पोतं रिकामं करून टाके उसवले, सुतळी सरळ केली, बोटांभोवती गुंडाळली. एवढीशीही वाया घालवली नाही. "पूल बंद झाला ना? मग घाई कसली? आमचा तंबू फाटलाय. बसा."

मामांनी पुलाकडे पाहिलं. फाटकाचा आडवा दांडा पडला होता. किल्लीसाठी खिसा चाचपला. ती बाईंकडेच राहिली होती. ते बसले. गुडघा हलतच होता.

आजींनी सुतळी दाभणात ओवून दिली.

"जवळ जवळ घाला," त्या म्हणाल्या.