शालींच्या ढिगाखालचा निबंध

बहारीनमधल्या सलमाबादच्या एका गोदामात हिशेब बघणाऱ्या जमीला मुकादम यांनी सगळ्या सुट्ट्या घालवून कोकणी खलाशांच्या बायकांवर निबंध लिहिला होता. तिथल्याच कोकण इतिहास परिषदेत तो वाचायचा होता. पण सत्कारच संपेनात. त्या उकाड्यात शाली वाटल्या गेल्या. शाली आणणाऱ्यालाही शाल मिळाली, तेव्हा जमीलाबाईंचं डोकं तडकलं.

"ताई, दोन मिनिटांत आटपा. जेवण थंड होतंय," अध्यक्ष सामंत म्हणाले.

"त्या बायांनी उभा जन्म वाट बघितली, आणि त्यांना दोन मिनिटं?"

माईक घेऊन त्या थेट जेवणाच्या रांगेपुढे उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. भुकेली माणसं पळणार कुठे? सामंतांनी हळूच पुरीकडे हात नेला.

"हात मागे!" जमीलाबाई कडाडल्या. "अजून पहिलीचाच नवरा परतलेला नाही."