शेराचा चीक

थोरल्या वहिनीचा डावा डोळा माझ्यामुळे गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. घरात सगळे धरून चालतात की तिनंच चिकाचा हात डोळ्याला लावला. तसं मीच सांगितलं होतं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा डिंगोऱ्याला आमच्या विहिरीजवळ मी छोटी नर्सरी काढली. पुण्याची माणसं जुन्नरकडे प्लॉट घेऊ लागली होती, त्यांना पाणी न मागणारी झाडं हवी असायची. कोरफड, घायपात, निवडुंग. नाव माझं, काम वहिनीचं. कोरफडीच्या बुडाशी फुटलेली पिल्लं ती मुळासकट अलगद सोडवायची, सावलीत पसरायची, कापलेली जागा सुकली की मगच पिशवीत लावायची.

कुंपणाला मात्र सगळे शेर मागत. त्याला पानं अशी नसतातच, नुसत्या हिरव्या काड्या. तुकडा खोचला की जगतो, पण कुठंही तोडा, पांढरा चीक उडतो. तो डोळ्यात गेला तर डोळा जातो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. म्हणून फांदी तोडायला दोघं लागत. एकानं वाकवून धरायची, दुसऱ्यानं कोयता मारायचा आणि दर घावाआधी म्हणायचं, ‘तोंड फिरव.’ धरणाऱ्यानं मान वळवली की मग घाव. न सांगता कुणी कोयता उचलत नसे.

त्या दिवशी एका बंगलेवाल्याचा टेम्पो येऊन उभा होता. शेर आधीच तोडून वाळवायला हवा होता, मी विसरलो होतो. वहिनी फांदी धरून म्हणाली, “भावजी, चीक वाळू द्या की. ओलं लावलं तर निम्मं कुजंल.”

“कुजू दे. त्याला आजच पायजे.”

“मग कुजलेलं घिऊन आला की तुमीच बोला त्याच्याशी. लई मोठं दुकानदार झालाय राव.”

टेम्पोचा ड्रायव्हर हसला. मला ते झोंबलं. पुढचे घाव मी न बोलता घातले. ती माझ्या हाताकडे बघून आपणहून मान वळवत राहिली. मग एकदा ती पकड बदलायला खाली वाकली, तोंड फांदीकडेच होतं. ते मला दिसत होतं. तरी मी कोयता मारला.

डोळ्यावर कळशी ओतली, त्याच टेम्पोतून जुन्नरला नेलं, तिथून पुण्याला. बुबुळ पांढरं पडलं ते पडलंच. दवाखान्यातल्या बाकावर भावानं विचारलं, “झालं कसं?”

“चिकाचा हात लागला तिचाच,” मी म्हणालो.

वहिनी पट्टी बांधून शेजारीच बसली होती. भाऊ तिला म्हणाला, “रोजचं काम, आन् एवढी अक्कल न्हाई?”

हे तो मरेपर्यंत म्हणत राहिला. दूध उतू गेलं, शेरडू सुटलं, तरी तेच. आता मुलं म्हणतात. सुना तिच्या हातात विळी देत नाहीत. “आत्याबाईंचं ध्यान नसतं,” म्हणतात, तिच्यादेखत.

कोरफडीचं काम तिनं सोडलं नाही. पण एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही, खुरपं पिल्लाच्या मुळात शिरतं. म्हणून ती खुरपं ठेवून बोटांनी चाचपत माती उकरते. शेर ठेवायचं मी बंद केलं. कुणी विचारलं तर मागणी नाही म्हणतो. वहिनीनं कधी विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि सणाला माझं ताट तीच वाढते.

भावाला सांगायचं राहिलं, ते आता होणार नाही. पण तिच्या मुलांना आणि सुनांना, तिच्यासमोर बसवून, मला सांगायचं आहे की चूक तिची नव्हती, मी न सांगता कोयता मारला आणि वर खोटं बोललो. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.